आधी मशागत, मग औषध

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘संगणक आणि उद्याचं जग’ असा विषय दिला होता. तो मी त्यांच्या परवानगीने बदलून घेतला आहे. गेल्या पावसाळ्यात आपल्या बॅचच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला, तो बऱ्याच जणांना आठवत असेल. लाल प्रकाशाखाली कॅन्सरची गाठ विरघळताना दाखवली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘ना केमो, ना ऑपरेशन’. प्रकाश शरीरात किती खोल जातो याचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम आहे, हे काही जणांना माहीत होतं. त्यामुळे आठवड्याभरात मला चार फोन आले. तिघांना नुसतं कुतूहल होतं. चौथा फोन आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचा. तिच्या आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला होता, केमोचे दोन डोस झाले होते. तिने विचारलं, “केमो थांबवून हे करता येईल का गं? आईला फार त्रास होतोय.”

हे तिच्या परवानगीनेच सांगते आहे. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. मी तिला म्हटलं, “थांबवू नकोस. आधी डॉक्टरांशी बोल.” पण का थांबवायची नाही, हे दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. आज माझ्याकडे वीस मिनिटं आहेत.

सुरुवात औषधापासून करू. रक्ताच्या कॅन्सरमध्ये रोग रक्तातच असतो, त्यामुळे शिरेतून दिलेलं औषध थेट त्याच्यापर्यंत जातं. घट्ट गाठीचं तसं नाही. तोंड, स्तन, फुप्फुस, स्वादुपिंड इथल्या गाठींत औषध सगळीकडे सारखं पोचतच नाही. आपल्यातले निम्मे तरी शेतकऱ्याच्या घरातले आहेत, त्यांना हे चटकन कळेल. धरणातून आवर्तन सुटतं, पाट भरून वाहतो, कागदावर सगळ्यांना पाणी मिळालेलं असतं. पण टेलच्या शेतकऱ्याचं रान कोरडंच राहतं. का? पाट मध्येच फुटलेला असतो, कुठे गाळाने भरलेला असतो, कुठे त्याची पातळीच चुकलेली असते.

गाठीतले पाट असेच असतात. शरीरातल्या चांगल्या रक्तवाहिन्या शिस्तीने वाढतात. गाठ मात्र घाईघाईने स्वतःच्या रक्तवाहिन्या तयार करून घेते. त्या वेड्यावाकड्या असतात, त्यांच्या भिंतींना फटी असतात. त्यातून पाझरलेलं पाणी वाहून न्यायला निचऱ्याची सोय धड नसते. मग गाठीच्या आतला दाब वाढतो आणि रक्तातलं औषध आत शिरायला त्या दाबाचाच विरोध होतो. त्यात भर म्हणजे कोलॅजनच्या तंतूंचं घट्ट जाळं. स्वादुपिंडाच्या गाठीत तर बराचसा भाग कर्कपेशींचा नसतोच, या तंतूंचाच असतो. औषध कितीही जालीम असलं, तरी त्याला वाटच मिळत नाही.

हा प्रश्न दाब, प्रवाह आणि झिरपण्याच्या गणितात मांडणाऱ्यांत एक मोठं नाव आहे राकेश जैन यांचं. आयआयटी कानपूरमधून केमिकल इंजिनिअर झालेले जैन पुढे बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आणि हार्वर्डमध्ये गेले. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या शाळेतल्या मुलांना वाटतं की माणसाच्या आजारावर काम करायचं तर डॉक्टरच व्हायला हवं. नळ आणि पंप यांचा अभ्यास केलेला माणूसही तिथे लागतो.

आता प्रकाशाकडे येऊ. प्रकाशाने उपचार ही कल्पना नवी नाही. अंगावर कोड असलेल्यांना बावचीचा लेप लावून उन्हात बसवायचे, हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. युरोपात नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार केला आणि त्यांना १९०३ साली नोबेल मिळालं. पण आपल्या विषयाची सुरुवात म्युनिकमधल्या एका विद्यार्थ्याने केली. ऑस्कर राब त्याचं नाव. तो पॅरामेशियमवर ॲक्रिडिन नावाच्या रंगद्रव्याचा परिणाम पाहत होता. होय, तोच पॅरामेशियम, ज्याची चपलेसारखी आकृती आपण जर्नलमध्ये काढली. राबच्या लक्षात आलं की रंग तेवढाच, पॅरामेशियमही तेच, पण उजेड असला की ते लवकर मरतात आणि अंधारात तगतात. हे निष्कर्ष १९०० साली प्रसिद्ध झाले. त्याचे गुरू हेरमान फॉन टापायनर यांनी पुढे दाखवलं की या खेळात तिसरा भिडूही लागतो, तो म्हणजे ऑक्सिजन. १९०३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने इओसिन हा रंग लावून त्वचेच्या गाठींवर प्रकाश टाकून पाहिला.

म्हणजे तीन गोष्टी: रंगद्रव्य, प्रकाश आणि ऑक्सिजन. एकेकट्या तिन्ही निरुपद्रवी. एकत्र आल्या की रंगद्रव्य प्रकाशाची ऊर्जा शोषून घेतं आणि जवळच्या ऑक्सिजनला देतं. तो ऑक्सिजन मग भलताच तापट होतो, समोर येईल त्याला जाळत सुटतो. पण त्याचं आयुष्य इतकं अल्प असतं की केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतकं अंतरही तो जाऊ शकत नाही. म्हणून जिथे रंग आणि प्रकाश दोन्ही असतील, तिथेच इजा होते. रंग सगळ्या अंगात गेला तरी आपण ठरवतो त्याच जागी तो पेटतो.

रंग अंगात गेल्यावर काय होतं, हे फ्रीडरिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने १९१२ मध्ये स्वतःवरच पाहिलं. त्याने हिमॅटोपॉर्फिरिन टोचून घेतलं आणि तो उन्हात गेला. चेहरा आणि हात सुजले, आणि पुढे कित्येक आठवडे त्याला ऊन सोसेना. आजही फोटोफ्रिन हे औषध दिलेल्या रुग्णाला किमान महिनाभर ऊन टाळावं लागतं. त्या व्हिडिओत हे कुठेही नव्हतं.

ही पद्धत दवाखान्यात रुजवली ती थॉमस डोहर्टी यांनी, अमेरिकेत बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत. १९७८ मध्ये त्यांनी २५ रुग्णांच्या ११३ गाठींची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी १११ गाठी पूर्ण किंवा काही प्रमाणात गेल्या होत्या. त्यानंतर फोटोफ्रिनला १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी आणि १९९५ मध्ये अमेरिकेत अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. म्हणजे व्हिडिओ सगळाच खोटा नव्हता. प्रकाशाने गाठ मरते. मग सगळ्या गाठी अशाच का मारत नाहीत?

याचं उत्तर तुमच्या खिशात आहे. आज रात्री दिवे गेले की मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर बोट ठेवा. बोट लालभडक दिसेल. टॉर्च पांढरा आहे, पण निळा आणि हिरवा प्रकाश रक्तात शोषला जातो, लाल तेवढा पार होतो. आता तोच टॉर्च पोटावर लावा. काही दिसणार नाही. लाल प्रकाशसुद्धा काही मिलिमीटर, फार तर एखादा सेंटिमीटर इतक्याच खोलीपर्यंत कामाचा राहतो. शिवाय तो सरळ जात नाही. धुक्यात गाडीचे दिवे पसरतात तसा तो पेशीपेशीवर आपटून पसरतो.

माझं काम इथे सुरू होतं. प्रकाशाचा एक कण आत सोडायचा. तो किती पुढे जाईल, कुठे वळेल, कुठे शोषला जाईल हे फासे टाकून ठरवायचं. असे लाखो कण सोडायचे आणि कुठे किती प्रकाश साचला याचा नकाशा करायचा. जुगाराच्या शहरावरून या पद्धतीला ‘माँटे कार्लो’ म्हणतात. लिहाँग वांग आणि स्टीव्हन जॅक्स यांनी १९९०च्या दशकात यासाठी सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम आजही जगभर आधार म्हणून वापरतात. आमच्यासारखे लोक त्याला रुग्णाच्या स्कॅनची जोड देतात. म्हणजे काचेच्या तंतूतून आत प्रकाश न्यायचा असेल तर सुया किती, कुठे आणि किती वेळ, याचा अंदाज आधी करता येतो.

आता मूळ मुद्दा. गेल्या काही वर्षांत या क्षेत्रातल्या संशोधकांनी प्रश्नच थोडा फिरवला. खोल गाठ प्रकाशाने संपूर्ण मारता येत नसेल, तर तिला नुसती हलवून, सैल करून ठेवता येईल का, म्हणजे मागून येणारं औषध आत शिरेल? मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या तय्यबा हसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. इंग्रजीत याला ‘प्रायमिंग’ म्हणतात. मला विचाराल तर आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे, मशागत. कडक रानात कुणी बी टाकत नाही. आधी नांगरट, मग ढेकळं फोडायची, वाफसा आला की पेरणी.

प्रकाशाची मशागत काय काय करते? एक, रक्तवाहिन्यांच्या भिंती औषधाला आत जाता येईल इतक्या मोकळ्या होतात. दोन, कोलॅजनचं जाळं सैल पडतं. तीन, काही कर्कपेशींच्या आवरणावर पंप असतात, ते आत आलेलं औषध बाहेर फेकतात. ते पंप बिघडवता येतात. चार, इजा झालेल्या पेशींमुळे शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते. यातलं काहीही एकट्याने रोग बरा करत नाही. पण मागून येणाऱ्या केमोला किंवा इम्युनोथेरपीला रान तयार मिळतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतले हिसाताका कोबायाशी यांनी वेगळ्या वाटेने हेच पाहिलं. कर्कपेशीला चिकटणाऱ्या अँटिबॉडीला त्यांनी रंगद्रव्य जोडलं आणि वर डोळ्यांना जेमतेम दिसेल असा गडद लाल प्रकाश टाकला. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झालं. रक्तवाहिनीला खेटून असलेल्या कर्कपेशी आधी मेल्या, जागा मोकळी झाली, आणि त्यानंतर दिलेली अतिसूक्ष्म कणांच्या रूपातली औषधं उंदरांच्या गाठीत २४ पटींपर्यंत जास्त साचली. ‘उंदरांच्या’ हा शब्द लक्षात ठेवा, त्याकडे परत येणार आहे.

इथे एक गोम आहे, आणि तीच मला या विषयात सगळ्यात जास्त शिकवून गेली. जास्त प्रकाश म्हणजे जास्त फायदा, असं इथे चालत नाही. प्रकाश कमी पडला तर काहीच होत नाही. जास्त झाला तर गाठीच्या रक्तवाहिन्या बंदच पडतात. काही उपचारांत तेच हवं असतं. प्रोस्टेटच्या सुरुवातीच्या कॅन्सरसाठी युरोपात २०१७ मध्ये मान्यता मिळालेलं टूकॅड हे औषध रक्तपुरवठा तोडूनच गाठ मारतं. पण मागून केमो द्यायची असेल, तर पाटच बुजवून टाकल्यासारखं होईल. मशागतीला मधलं माप लागतं. शिवाय रान नांगरून तसंच ठेवलं की पुन्हा घट्ट होतं, वाफसा निघून जातो. तशी प्रकाशानंतरची मोकळीकही थोड्याच काळाची असते, औषध त्या वेळेत द्यावं लागतं. म्हणून यात गणित लागतं आणि म्हणूनच हे घरी, किंवा कुठल्याशा ‘लेझर क्लिनिक’मध्ये लाल दिवा लावून करण्याचं काम नाही.

मग माणसांमध्ये हे कुठवर आलं आहे? कोबायाशींच्या पद्धतीला जपानने २०२० मध्ये मान्यता दिली. ती ज्यांची शस्त्रक्रिया होऊ शकत नाही अशा डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी आहे. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या डॉक्टरांनी १५ रुग्णांवर चाचणी केली, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. स्कॅनवर पाहत सुई गाठीत न्यायची, सुईतून तंतू, तंतूतून प्रकाश. प्रकाश वाढवला तसा मेलेला भागही वाढला, आणि उपचार रुग्णांना सोसला. त्यातून एवढंच सिद्ध झालं की हे सुरक्षितपणे करता येतं. मशागत करून दिलेल्या औषधाचे सगळ्यात चांगले आकडे अजून उंदरांतले आहेत. उंदराची गाठ वाटाण्याएवढी असते आणि कातडीखाली, हाताशी असते. माणसाचं स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं असतं. हे अंतर माणसांवरच्या चाचण्या करूनच कापता येतं.

आता तुम्हाला माझ्या मैत्रिणीला दिलेल्या उत्तरामागचं कारण कळेल. ती केमो थांबवून प्रकाश आणू पाहत होती. पण अशा खोल गाठीत प्रकाशाचं काम केमोची वाट मोकळी करणं हे आहे. पेरणीच बंद केली, तर मशागतीचा उपयोग काय? तिने डॉक्टरांना विचारलं. त्यांनी औषधाचं माप थोडं बदललं, उलट्यांवरचं औषध वाढवलं आणि केमो चालू ठेवली. काकू त्यानंतर आठ महिने होत्या, बहुतेक दिवस घरीच होत्या, नातवाच्या मुंजीत पाटावर बसून सगळं पाहत होत्या. त्या गेल्या, हे इथे अनेकांना माहीत आहे. मी यातून कुठलंही यश सांगत नाही. पण ते आठ महिने एका व्हिडिओपायी पणाला लागले असते, हे मला विसरता येत नाही.

शेवटी जवळचं बोलू. भारतीय पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे. आणि तोंड ही अशी जागा आहे जिथे प्रकाश सहज पोचतो. अलीगढच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजमध्ये तिथल्या डॉक्टरांनी हसन यांच्या गटाबरोबर आणि अमेरिकेतल्या इतर सहकाऱ्यांबरोबर एक चाचणी केली. महागडं लेझर नाही, तर बॅटरीवर चालणारा एलईडीचा दिवा. वीज गेली तरी चालणारा. रुग्णाला एएलए नावाचं द्रव्य पाजायचं. हा शरीरातलाच कच्चा माल आहे, रक्ताचा लाल रंग ज्या मार्गाने बनतो त्याच मार्गातला. कर्कपेशींमध्ये त्याचं रंगद्रव्य जास्त साचतं, निळ्या प्रकाशात ते लालसर चमकतं, आणि स्मार्टफोनच्या कॅमेऱ्यानेही ते टिपता येतं. मग तोंडात बसेल अशा साच्यातून लाल प्रकाश. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी असलेल्या ३० रुग्णांवर हा प्रयोग झाला आणि बहुतेकांच्या गाठी पूर्ण गेल्या. छोटी चाचणी आहे, अजून मोठ्या व्हायला हव्यात. पण अट पाहा: गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान. म्हणजे वेळेवर सापडलेली. मोठी झालेली गाठ घेऊन गेलात तर हा दिवाही हात टेकतो.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर काय मिळतं ते येताना तुम्हीही पाहिलंत. तंबाखू-चुना आहे, घरात बायकांची मिश्री आहे. आपण सगळे पंचेचाळिशीच्या पुढे-मागे आहोत. या सभागृहातही काही खिशांत पुड्या असतील, मी नावं घेणार नाही.

तेव्हा एक छोटी गोष्ट करा. आज घरी गेल्यावर आरशासमोर तोंड उघडून टॉर्च मारा. पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन-तीन आठवडे न भरलेली जखम आहे का, गाल आतून चामड्यासारखा लागतो का, ते पाहा. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. यातलं काही खटकलं तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि तोपर्यंत ग्रुपवर उपाय शोधू नका.

आणि एक मागणी. आपल्या बॅचने शाळेसाठी निधी जमवला आहे. त्यातून स्टेजचं नूतनीकरण व्हावं, याला माझा विरोध नाही. पण त्यातला थोडा भाग बाजूला ठेवून दर वर्षी एक दिवस नववी-दहावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी तोंडाच्या तपासणीचं शिबिर घ्यावं. आपल्या वर्गातला एक मित्र आज तालुक्याला दंतवैद्य आहे, त्याने यायचं कबूल केलं आहे. नोंदणीचं आणि पुढच्या पाठपुराव्याचं सॉफ्टवेअर मी फुकट करून देईन. मुख्याध्यापक सरांनी तारीख द्यावी, खुर्च्या आणि टॉर्च आम्ही आणतो.